परतीचा प्रवास

श्रावणाची झड लागली कीं वऱ्हाडांतला माणूस घरांत कोंडला जातो, आणि कोंडलेला माणूस बेत करूं लागतो. यंदा आमच्या मोर्शीच्या घरीं जेवणाच्या मेजावर इटलीचा नकाशा पसरला आहे. नकाशा मेजाहून लांब असल्यामुळें सिसिली बेट कडेखालीं लोंबतें आणि आल्प्स पर्वताला लोणच्याच्या बरणीखालीं दबून राहावें लागतें. दसऱ्याचें सोनें वाटून निघावयाचें आणि दिवाळीचे दिवे लावावयास घरीं यावयाचें, असा आम्हां उभयतांचा संकल्प आहे. मध्यें वीस दिवस मिळतात. त्यांतले चौदा प्रवासाचे. उरलेले जाण्यायेण्याचे आणि थकवा काढण्याचे.

परवां आमचे एक शेजारी, संत्र्याचे जुने बागाईतदार, पाऊस थांबण्याची वाट पाहत आमच्या ओसरीवर टेकले. नकाशा पाहून त्यांनीं विचारलें, "सर, हे तं तुमी एक डाव पायलं नं? मंग पुना काहून जाता?" प्रश्न सरळ होता, परंतु तीस वर्षें इतरांना प्रश्न घालण्यांत गेल्यामुळें सरळ प्रश्नाला उत्तर देण्याची आमची संवय मोडली आहे. आम्हीं उलट विचारलें, "तुम्ही दरसाल महाशिवरात्रीला सालबर्डीला कां जातां?" ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. "तिथं महादेव हाये नं," एवढें बोलून ते पाऊस पुरता थांबला नसतांहि निघून गेले. आमचें उत्तर मात्र द्यावयाचें राहिलें. तें येथें देण्याचा विचार आहे.

आम्ही पहिल्यानें गेलों तें २०१४ सालच्या मे महिन्यांत, एका यात्रा कंपनीच्या काफिल्यांतून. पुढें निशाण घेतलेला वाटाड्या आणि मागें चाळीस माणसें, अशा थाटांत आम्हीं बारा दिवसांत निम्मा युरोप पायांखालीं घातला. आम्ही इंग्रजीचे पदवीधर आणि इंग्रजीचेच प्राध्यापक. वऱ्हाडचा कापूस एके काळीं मँचेस्टरला जाऊन धोतरजोडा होऊन परत येई. आमची इटलीहि तशीच लंडनच्या छापखान्यांतून विणून आलेली होती. कीट्स जेथें वारला तें रोम, शेली जेथें बुडाला तो समुद्र, ब्राउनिंगनें जेथें शेवटचा श्वास घेतला तें व्हेनिस, एवढाच आमच्या मनांतल्या इटलीचा भूगोल. या देशांत इटालियन लोकहि राहतात, ही गोष्ट आम्हांला तेथें पोंचल्यावर जरा उशिरानेंच जाणवली.

रोमहून फ्लॉरेन्सकडे मोटार चालली असतां सौभाग्यवतींनीं विचारलें, "आपले घाडगे पडले ते कुठें हो? या वाटेवरच का?" त्यांचें माहेर माणगांव तालुक्यांतलें. माणगांवांत यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, आणि त्या पुतळ्याला नमस्कार केल्यावांचून त्या तालुक्यांतलें मूल मोठें होत नाहीं. आम्हांला त्या नांवापलीकडे कांहींच ठाऊक नव्हतें. पण ठाऊक नाहीं असें म्हणणें प्राध्यापकाच्या जिव्हेला जड जातें. "तें युद्धाचें प्रकरण निराळें," आम्ही म्हणालों, आणि खिडकीबाहेर दिसणाऱ्या टेकड्यांवरून एत्रुस्कन लोकांसंबंधीं बोलूं लागलों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. टेकड्या मागें पडल्या.

दुसऱ्या दिवशीं फ्लॉरेन्सच्या हॉटेलांत न्याहारीच्या वेळीं वाढणाऱ्या बाईनें पावाची टोपली पुढें करून "पाने?" असें विचारलें. सौभाग्यवतींचा हात चहाच्या पेल्यावर तसाच राहिला. त्यांचे आजोबा, आईचे वडील, मराठा पलटणींत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धांत इटलींत होते, हें आम्हांला लग्नापासून माहीत होतें. युद्धाविषयीं ते बोलत नसत. परंतु नातवंडांना भाकरी देतांना ते म्हणत, "घ्या रे, पाने घ्या." पोरांना वाटे, आजोबा जेवणाच्या पानांविषयीं बोलताहेत; घरांतल्या वडील मंडळींनाहि तसेंच वाटत आलें. आजोबांना जाऊन तीस वर्षें झालीं होतीं, आणि त्यांच्या एका शब्दाचा अर्थ त्यांच्या नातीला अर्नो नदीच्या कांठीं एका परक्या बाईकडून कळत होता. त्या वेळीं गप्प बसावें एवढी बुद्धि आम्हांला व्हावयास हवी होती. आम्हीं लॅटिन धातु सांगितला. त्याच धातूपासून इंग्रजींत कोणते शब्द आले तेंहि सांगितलें. तेवढ्यांत वाटाड्यानें शिट्टी फुंकली.

त्याच दिवशीं दुपारीं तीन तासांची मोकळीक मिळाली. इतर मंडळी चामड्याच्या पिशव्या घ्यावयास गेली. आम्हीं सौभाग्यवतींना घेऊन कासिने या उद्यानाची वाट धरली. अर्नोच्या कांठाकांठानें पसरलेल्या या वनराजींत १८१९ च्या शरदऋतूंत शेलीला पश्चिमवाऱ्यावरची आपली सुप्रसिद्ध कविता सुचली. ती कविता शिकवितांना आमचा आवाज कोठें चढतो आणि कोठें उतरतो, हें मोर्शी-अमरावतीकडच्या दोन पिढ्यांना पाठ आहे. आम्ही एका झाडाखालीं उभे राहिलों, मनांतल्या मनांत कविता म्हटली, आणि कृतार्थ झालों. सौभाग्यवती म्हणाल्या, "नदीच्या कडेनें अजून थोडं पुढें जाऊं या का?" आम्ही म्हणालों, "पुढें कांहीं नाहीं." आणि परत फिरलों.

पुढें काय होतें हें आम्हांला मोर्शीस परत आल्यावर कांहीं वर्षांनीं, भलतेंच कांहीं शोधीत असतां वाचावयास मिळालें. कासिनेच्या अगदीं पश्चिम टोंकाला, जेथें मुन्योने ही लहान नदी अर्नोला मिळते तेथें, कोल्हापूरच्या राजाराम छत्रपतींची छत्री उभी आहे. १८७० सालीं हे तरुण महाराज इंग्लंड पाहावयास गेले. परत येतांना वाटेंत आजारी पडून त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला त्यांनीं फ्लॉरेन्समध्यें देह ठेवला. वय अवघें वीस वर्षांचें. परक्या मुलखांत दहनाची सोय कशी व्हावी? अखेर खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर त्यांची चिता रचण्यांत आली. पुढें १८७४ सालीं त्या जागीं छत्री उभारली गेली. तिच्याखालीं फुलर या शिल्पकारानें घडविलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मँट यांचा, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडाहि याच मँट यांचा. जवळूनच अर्नोवर जो मोठा पूल गेला आहे, त्याला फ्लॉरेन्सचे लोक 'हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. महाराजांनीं प्रवासांत रोजनिशी ठेविली होती. ती त्यांच्या पश्चात् १८७२ सालीं लंडनला छापली गेली.

हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ उगाच बसून राहिलों. शेलीची चिता १८२२ सालीं व्हियारेज्जोच्या वाळवंटांत पेटली. ती आम्हीं तीस वर्षें दरसाल वर्गांत पुन्हां पेटविली आहे. मित्र कोण उभे होते, वारा कसा होता, सगळें आम्हांला मुखोद्गत. आणि ज्या उद्यानांत शेलीला कविता सुचली, त्याच उद्यानांत एका मराठी राजपुत्राची चिता जळाली होती, हें मात्र आमच्या कानावरूनहि गेलें नव्हतें. हा आमच्या शिक्षणाचा दोष म्हणावा, तर शिक्षणानें आमचे पाय बांधले नव्हते. नदीच्या कांठानें आणखी थोडें चालावयाचें होतें. सौभाग्यवती चालावयास तयार होत्या. "पुढें कांहीं नाहीं," हें आम्हींच सांगितलें होतें.

त्या रात्रीं आम्हीं त्यांना छत्रीची हकीकत सांगितली आणि माफीहि मागितली. त्या एवढेंच म्हणाल्या, "मग घाडग्यांचंहि आतां शोधा." विद्यार्थ्याप्रमाणें आम्ही कामाला लागलों. नाईक यशवंत घाडगे हे पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींतले. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एकट्या नाईकावांचून सारे शिपाई ठार किंवा जखमी झाले. नाईक एकटाच त्या मोर्चावर धांवून गेला. हातबाँबनें गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि नवीं काडतुसें भरावयास वेळ नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरली व उरलेल्या दोघांना दस्त्याच्या तडाख्यांनीं लोळविलें. नंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं तो तेथेंच पडला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रोमच्या दक्षिणेस कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची कबर नाहीं अशा हजारों नांवांमध्यें त्याचें नांव कोरलेलें आहे. आणि जेथें तो पडला त्या खोऱ्यांतल्या मोंतोने नांवाच्या लहानशा डोंगरी गांवानें २०२३ सालीं त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघडी उभारली. इटलीच्या त्या मोहिमेंत सुमारें पन्नास हजार हिंदी सैनिक लढले, त्यांतले ५,७८२ मेले. इटलींत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैनिकांचे. नुसता गव्हाचा हिशेब असावा तसे हे आंकडे आम्हीं वहींत उतरून घेतले; पण त्या सुमारें पन्नास हजारांत एक शिपाई असा होता कीं ज्याच्या नातीनें आमचा संसार केला, हें लिहितांना लेखणी अडली.

आजोबांची पलटण पहिली कीं तिसरी, हें घरांत कोणालाच ठाऊक नाहीं. मराठ्यांच्या त्या दोन्ही पलटणी इटलींत लढल्या. कागदपत्र पुरांत गेले. राहिला आहे तो पत्र्याच्या ट्रंकेंतला सहा टोंकांचा 'इटली स्टार', तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीसह. आमच्या सासूबाई युद्धानंतर जन्मलेल्या. आतां त्यांचें वय ऐंशीच्या घरांत आहे. वडिलांनीं सांगितलेली एकच गोष्ट त्यांना आठवते. लढाई संपण्याच्या सुमारास, पावसानंतर आकाश स्वच्छ झालें असतां, सपाट मैदानाच्या टोंकाला पांढरा डोंगर दिसला. "तिकडं जायचा हुकूम नव्हता," असें म्हणून ते थांबत.

आतां नकाशाकडे वळतां येईल. चौदा दिवस म्हटले म्हणजे पुष्कळ वाटतात. पण नांवें लिहूं लागलें कीं लग्नाच्या यादीप्रमाणें माणसें वगळावीं लागतात. पहिला कागद आमच्या हातचा होता. त्यांत रोम, पिसा, शेलीचें लेरिची, त्याच्या चितेचें व्हियारेज्जो आणि ब्राउनिंगचें व्हेनिस होतें. मोंतोनेला त्यांत "जमल्यास अर्धा दिवस" मिळाला होता. सौभाग्यवतींनीं कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि त्या स्वयंपाकघरांत गेल्या. त्या घडीचा अर्थ लावण्यास आम्हांला कोणत्याहि टीकाग्रंथाचें साहाय्य लागलें नाहीं. दुसरा कागद आम्हीं दोघांनीं मिळून केला.

पहिले तीन दिवस रोम. त्यांतला एक कासिनोला जाऊन येण्यास. पुढचे तीन टायबरच्या वरच्या खोऱ्यांत: पेरुजापर्यंत आगगाडी, तेथून मोटार, आणि मुक्काम मोंतोनेस. दोन दिवस फ्लॉरेन्स. या वेळीं कासिनेच्या शेवटच्या टोंकापर्यंत. एक दिवस फोर्ली. तेथें हिंदी सैनिकांची दफनभूमि आहे आणि ज्यांना अग्नि दिला त्यांच्या नांवांचें स्मारकहि आहे. त्याच प्रदेशांत सेन्यो नदीच्या कांठीं ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं खोल पाण्यांतून आणि सुरुंगांतून दोघां जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पैलाड आणलें, आणि मग परत फिरून शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं. तोहि व्हिक्टोरिया क्रॉसच. पण हा शिपाई जिवंत घरीं आला. तेथून मिलान, मिलानहून तिरानो, आणि तिरानोहून आल्प्स ओलांडून झुरिचला विमान. व्हेनिस गेलें, पिसा गेलें, लेरिचीचा समुद्र गेला. आम्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहों, आणि तो समुद्र आतां या जन्मीं पाहणें होईलसें वाटत नाहीं. हें दुःख खोटें नाहीं. रोमच्या दिवसांतून कीट्सची कबर काढून टाकावयास आम्ही तयार झालों तेव्हां सौभाग्यवतींनींच हात धरला. "राहूं द्या," त्या म्हणाल्या. "तुमचंहि कोणी तरी तिथं असूं दे." कीट्स पंचविसाव्या वर्षीं गेला; त्याच्या कबरेवर त्याच्याच इच्छेनें त्याचें नांव नाहीं. माणगांवच्या नाईकाला कबर नाहीं, नुसतें नांव आहे. दोघांनाहि एकाच आठवड्यांत भेटावयाचें.

या खोऱ्यानें आमच्यावर एक कृपा केली आहे. मोंतोनेपासून फार दूर नाहीं असें सान्सेपोल्क्रो म्हणून गांव आहे. तेथील पिएरो देल्ला फ्रांचेस्का याच्या ख्रिस्तोत्थानाच्या चित्राला ऑल्डस हक्स्लेनें १९२५ सालच्या एका निबंधांत जगांतलें सर्वोत्तम चित्र ठरविलें. १९४४ सालीं या गांवावर तोफा डागण्याचें काम अँथनी क्लार्क या इंग्रज अधिकाऱ्याकडे आलें. मारा चालू असतां त्याला तो निबंध आठवला आणि त्यानें तोफा थांबविल्या. गांवानें पुढें एका रस्त्याला त्याचें नांव दिलें. एका निबंधानें एक चित्र वाचलें, ही गोष्ट आमच्यासारख्या निबंध लिहिणाऱ्यांना सुखविणारी आहे, आणि पूर्वी आम्ही ती वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं. परंतु त्याच खोऱ्यांत, त्याच वर्षीं, माणगांवच्या पोराला वाचवील असें पुस्तक कोणींच लिहिलेलें नव्हतें. यापुढें दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगावयाच्या, असें आम्हीं ठरविलें आहे.

ऋतूचा विचारहि करावा लागला. मे महिन्यांत तिकडे रात्रीं साडेआठपर्यंत उजेड होता. शरदांत दिवस आंखडतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें घेतात, त्यामुळें पांच वाजल्यानंतर सांज होऊं लागते. म्हणून एका दिवशीं एकच जागा. डोंगरावरचे पुष्कळ पाळणे या दिवसांत दुरुस्तीसाठीं बंद असतात; तें आमच्या पथ्यावरच पडलें. मागच्या वेळीं युंगफ्राउच्या ३,४५४ मीटर उंचीच्या स्टेशनावर सौभाग्यवतींचा श्वास कोंडला, आणि तासभर त्या बांकावर डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही बाहेर बर्फांत फोटो काढीत होतों. आतां त्यांचे गुडघेहि कुरकुरतात. बर्निनाची आगगाडी मात्र बाराही महिने चालते. १९१० पासून ती तिरानोच्या ४२९ मीटरांवरून २,२५३ मीटरांवरच्या खिंडींत चढते, आणि तीहि दांत्यांच्या रुळावांचून, नुसत्या चाकांच्या पकडीवर. चिखलदरा अकराशे मीटरांच्या आसपास आहे; तसे दोन चिखलदरे एकावर एक रचले म्हणजे ती खिंड येते. त्या दिवसांत तेथले लार्च वृक्ष पानें गाळण्यापूर्वीं सोन्यासारखे पिवळे होतात. दसऱ्याचें सोनें घेऊन निघावें आणि खऱ्या सोन्याच्या रानांतून परत यावें, हा योग बरा आहे. पण आम्ही त्या वाटेनें जातों तें रानासाठीं नाहीं. पांढऱ्या डोंगराकडे जाण्याचा ज्यांना हुकूम नव्हता, त्यांच्या वतीनें एकदां तो ओलांडावयाचा आहे.

खर्चाचें म्हणाल तर यंदाचा अंबिया बहार व्यापाऱ्याला उक्ता दिला आहे. त्यांत विमानाचीं तिकिटें आणि तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा बसतो. या विम्यावांचून तिकडचा व्हिसा मिळत नाहीं. व्हिसा अद्याप हातीं यावयाचा आहे. सासूबाईंची प्रकृति जपावी लागते. बेत मोडूं शकतो, हें जाणूनच आम्हीं तो केला आहे.

आमच्या तालुक्यांतलें ऋद्धपूर हें महानुभावांचें क्षेत्र. आतां तेथें मराठी भाषेचें विद्यापीठहि झालें आहे. या पंथाची 'स्थानपोथी' म्हणून एक जुनी पोथी आहे. स्वामी कोणत्या गांवीं राहिले, देवळाच्या कोणत्या अंगाला बसले, एवढेंच ती नोंदविते. तशा जागीं भाविक ओटा बांधतात आणि पिढ्यान् पिढ्या येऊन त्यावर माथा टेकतात. तरुणपणीं आम्ही एका स्नेह्याबरोबर तेथें गेलों आणि "पाहण्यासारखें काय आहे?" असें विचारलें. ते म्हणाले, "पाहायला नाहीं येत कोणी." त्या वेळीं आम्ही हंसलों होतों. एकदां पाहिलेल्या ठिकाणीं माणूस पुन्हां कां जातो, याचें उत्तर त्यांनीं तेव्हांच देऊन ठेविलें होतें. तें समजण्यास आम्हांला मोर्शीहून फ्लॉरेन्सला जाऊन यावें लागलें.

काल रात्रीं बेताची शेवटची प्रत केली. तीन रकाने आहेत: दिवस, गांव, पाहावयाचें काय. मोंतोनेपुढचा तिसरा रकाना आम्हीं कोराच ठेविला होता. सकाळीं पाहतों तों तेथें सौभाग्यवतींच्या अक्षरांत लिहिलें होतें: "भाकरी करून न्यायची. बसायचं."